दोनदा उठायचं

प्रज्ञा पहिल्यांदा गाळा बघायला आली तेव्हा मी तिला तोंडावर सांगितलं, की बाई, या गाळ्यात कुणाचा धंदा टिकत नाही. आधी झेरॉक्सवाला आला, गेला. मग एकानं मोबाईलचं दुकान टाकलं, त्याचाही बाजार उठला. सावेडीत असली तरी आमची गल्ली आडबाजूची, त्यात शटर अडकतं. घरमालकानं असं बोलायचं नसतं हे मला कळतं. पण मी एस.टी.त कंडक्टरकी करून जन्म काढलेला माणूस. गाडी जिथं थांबत नाही तिथं थांबत नाही म्हणून आधीच सांगावं, मागनं भांडणं नकोत, असा माझा स्वभाव आहे.

ती रागावली नाही. शटर स्वतःच खाली-वर करून बघितलं आणि म्हणाली, की काका, मला गिऱ्हाईक इथं बोलवायचंच नाही, मीच त्यांच्या घरी जाणार आहे. मला फक्त सामान ठेवायला आणि पोरींना बसायला जागा पाहिजे. तेवढ्यात आमच्या बनुबाईनं वरच्या घरातनं चहा आणला आणि माझ्याकडं न बघताच तिला सांगून टाकलं, की एक तारखेपासून ये. बनुबाई म्हणजे माझी बायको. घर माझ्या नावावर होतं, पण निकाल तिच्याकडं असायचा.

प्रज्ञाचं म्हणणं असं होतं. नगरच्या दवाखान्यांत लांबलांबची माणसं ऑपरेशनला येतात. पोट उघडतात, मांडीत सळई घालतात, लघवीची नळी बसवतात, आणि टाके ओले असतानाच घरी पाठवतात, कारण खाट दुसऱ्याला पाहिजे असते. मग तो माणूस जातो आपल्या वस्तीवर, उसाच्या आडोशाला. पट्टी बदलायला तालुक्याला यायचं तर गाडी करा, जोडीला माणूस घ्या, दिवस मोडा. त्यापेक्षा राहू द्या, म्हणतात. प्रज्ञा कित्येक वर्षं इथल्या एका दवाखान्यात सिस्टर होती, तिनं हे रोज बघितलं होतं. तीच माणसं जखम चिघळवून परत यायची आणि डॉक्टर त्यांनाच शिव्या द्यायचे. म्हणून तिनं चांगली नोकरी सोडली आणि "घरची सिस्टर" काढली. पेपरवाल्यांनी पुढं त्याला स्टार्टअप म्हणलं. आमची बनुबाई शेवटपर्यंत "प्रज्ञाचं ते" असंच म्हणायची.

अंगानं लहानशी, चालायला मात्र वाऱ्यासारखी. पहिल्या दिवशी तिनं भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला, त्याखाली कापूस, स्पिरिट, हातमोजे यांची खोकी रचली आणि शटरला तेल घातलं. मी इतकी वर्षं तेल का घातलं नाही असं बनुबाईनं मला त्या दिवशी विचारलं, आणि पुढंही विचारत राहिली.

सुरुवातीला ती एकटीच होती, एक स्कूटी आणि पाठीवर बॅग. मग तिच्या जुन्या वॉर्डातली वृषाली आली. मग आणखी पोरी आल्या, कुणी राहुरीची, कुणी शेवगावची. ज्याला परवडेल तो पैसे द्यायचा, ज्याला नाही तो शेंगा, हुलगे, दह्याचा गडू. संध्याकाळी गाळ्यात मेथीच्या जुड्या पडलेल्या असायच्या. असल्यानं कुठं कंपनी चालते का, म्हणून मी कुरकुर करायचो आणि त्यातली एक जुडी घरात न्यायचो.

गाळ्याला लागूनच माझा ओटा. पेपर वाचत बसलो की आतलं सगळं ऐकू यायचं. नव्या पोरीला प्रज्ञा आधी काय शिकवते म्हणाल? पट्टी नाही, इंजेक्शन नाही, ते त्या शिकूनच आलेल्या असायच्या. ती शिकवायची, की घरात गेल्यावर दोनदा उठायचं.

मला वाटलं काहीतरी व्यायामाचं आहे. नंतर समजलं. आपल्या भागात पाहुण्याला कुणी आपलं दुखणं सरळ सांगत नाही. कसं काय विचारलं की "बरं हाय". पाय मोडून पडलेला असला तरी बरं हाय. दारात माणूस आलंय आणि आपण लगेच रडगाणं लावायचं, हे शोभत नाही. आधी चहा, मग कांद्याचा भाव, पाऊस, कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाचं मोडलं. खरी गोष्ट निघते ती पाहुणा उठल्यावर, उंबऱ्यात. तीही आजारी माणूस सांगत नाही, त्याची बायको नाहीतर सून सांगते, पदर सावरत, हळूच. म्हणून प्रज्ञाचा नियम होता, काम झालं की एकदा उठायचं. बॅग भरायची, चप्पल घालायची, दारात रेंगाळायचं. तिथं जे कानावर येईल ते घेऊन परत आत यायचं, बसायचं, पुन्हा विचारायचं. मग दुसऱ्यांदा उठायचं आणि जायचं.

मी तिची लई थट्टा केली. म्हणलं, अगं, माझ्या गाडीत जर पॅसेंजर दोनदा उतरायला लागले असते तर नगरहून निघालेली गाडी शेवगावला दुसऱ्या दिवशी पोचली असती. ती म्हणायची, तुमच्या पॅसेंजरला फक्त उतरायचं होतं काका, माझ्यावाल्याला सांगायचं असतं.

हा नियम तिनं कुठनं काढला ते तिच्या आईकडनं कळलं. चांगुणाबाई नेवाशाजवळच्या गावात राहायच्या. लेकीकडं आल्या की आमच्या बनुबाईपाशी बसायच्या, दोघी मेथी निवडायच्या. प्रज्ञाचे वडील कारभारी, तिचे अण्णा, नागापूरला एमआयडीसीत लेथवर कामाला होते. रिटायर होऊन गावी गेले आणि पोटाचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर कुणीतरी बाई एकदा पट्टी बघायला आली होती. तिनं विचारलं, कसं वाटतंय? हे म्हणाले, बरं हाय. बाईनं पट्टी बदलली आणि निघाली. हे तिला सोडायला काठी टेकत फाटकापर्यंत गेले. तिथं म्हणाले, "बाई, एक सांगायचं हुतं," पण तोवर तिनं गाडीला किक मारली होती. तिला ऐकूच गेलं नाही. हे तसेच परत आले आणि चांगुणाबाईंना म्हणाले, जाऊ दे, तिला घाई हाय.

पोटात पू झाला होता. प्रज्ञा नगरच्या वॉर्डात दुसऱ्यांच्या वडलांच्या पट्ट्या बदलत होती आणि रोज फोनवर विचारत होती, आणि रोज उत्तर यायचं, बरं हाय. नगरला आणलं तेव्हा उशीर झाला होता. चांगुणाबाई हे सांगताना रडल्या नाहीत, बनुबाई रडली. त्या दिवसानंतर मी थट्टा बंद केली असं नाही, पण आवाज खाली आला.

दुसरा नियम होता चहाचा. चहा नाकारायचा नाही, कारण चहाशिवाय बसणं होत नाही. यातली अडचण मला आधी कळली नव्हती, ती वृषालीनं सांगितली. घोडेगावच्या अलीकडं एका बागायतदाराच्या घरी दोघी गेल्या होत्या. घरच्या म्हातारीनं आडनावं विचारली, गाव विचारलं, गावातलं घर कुठल्या अंगाला ते विचारलं. मग चहा आला, वृषालीला कपबशीत आणि प्रज्ञाला कागदी पेल्यात. प्रज्ञानं पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "आजी, तुमच्या पायाच्या जखमेला माझाच हात लागणार आहे. मग कपानं काय पाप केलं?" प्रज्ञानं पट्टी नेहमीसारखी नीट केली, पेल्याला हात लावला नाही, आणि नियमाप्रमाणं दोनदा उठली. पुढच्या खेपेला कपबशी आली. वृषाली म्हणाली, मॅडमनं तो चहा सावकाश प्यायला, म्हातारीकडं बघत. मला विचाराल तर मी पहिल्याच दिवशी तो पेला अंगणात फेकला असता. पण मी कंडक्टर होतो, सिस्टर नव्हतो.

बघता बघता गल्लीत स्कूट्यांची रांग लागायला लागली. पार्किंगवरनं शेजाऱ्यांशी माझी भांडणं झाली, ती मी प्रज्ञाच्या वतीनं आवडीनं केली. आणि फोन वाढले. पाथर्डी, जामखेड, पार पलीकडं आष्टीहून. आमच्याकडं कधी येता? प्रज्ञा फोन ठेवायची आणि नाव-गाव वहीत लिहून ठेवायची. एवढ्या लांब पाठवायला तिच्याकडं पोरी नव्हत्या, गाड्या नव्हत्या. होत्या त्या पोरींचे पगार कधी वेळेवर, कधी मागंपुढं. ती वाळत चालली होती. बनुबाई तिला जबरदस्तीनं जेवायला बसवायची.

अशात पुण्याची एक कंपनी आली. त्यांचं असंच घरी जाऊन सेवा द्यायचं काम होतं, बऱ्याच जिल्ह्यांत. त्यांना "घरची सिस्टर" विकत पाहिजे होती. करण नावाचा त्यांचा माणूस यायचा. मला आधी तो आवडला नाही, कारण त्यानं माझ्या ओट्यावर लॅपटॉप ठेवला. पण पोरगं वाईट नव्हतं. बनुबाईच्या पाया पडायचं, थालीपीठ मागून खायचं.

त्याचं म्हणणं साधं होतं. मॅडम, तुमच्या पोरींचं काम एक नंबर आहे, पण अर्धा वेळ वाया जातो. पट्टी झाली तरी त्या घरातनं निघत नाहीत. तो वेळ वाचला तर तेवढ्याच पोरी दुप्पट घरं करतील, पाथर्डी होईल, आष्टी होईल. आता हे हिशोबानं चूक नव्हतं, हीच तर अडचण होती. विकलं नाही तर आष्टीचा माणूस तसाच पडून राहणार. विकलं आणि बसणं गेलं, तर आष्टीला पट्टी पोचेल, पण कारभारींचं बोलणं परत फाटकातच राहील. प्रज्ञा माझ्या ओट्यावर बसून हेच बोलायची. मी सांगायचो विकू नको. बनुबाई सांगायची वीक. दोघांचं ऐकून ती आणखी हैराण व्हायची.

शेवटी ती करणला म्हणाली, की एकदा माझ्याबरोबर चला, मग बोलू. त्याच्या गाडीत जागा होती आणि मला कुठं काम होतं, मीही बसलो.

घोडेगाव सोडून आत एक वस्ती आहे. तिथं बिभीषण म्हणून एक शेतकरी, खुब्याचं ऑपरेशन झालेले. आम्ही पोचलो तेव्हा ओसरीत पलंगावर बसलेले होते, टोपीबिपी घालून. प्रज्ञानं विचारलं, कसं आहे बाबा? म्हणाले, "बरं हाय. झ्याक." तिनं पट्टी सोडली, जखम बघितली. जखम खरंच चांगली होती, कोरडी, स्वच्छ. पट्टी बांधून झाली. करणनं मोबाईलवर वेळ बघितली आणि माझ्याकडं बघून हसला, म्हणजे झालं काम, आता बघा. त्यांच्या बायकोनं, साळूबाईंनी चहा दिला. कांद्याचा भाव झाला, बिबट्या कुणाच्या शेळीवर आला ते झालं. प्रज्ञा उठली. बॅग घेतली, चप्पल घातली. करणही उठला. ती मात्र अंगणातल्या तुळशीपाशी उभी राहून साळूबाईंना जास्वंदीची फांदी मागायला लागली. करण गाडीची किल्ली फिरवत उभा होता.

साळूबाईंनी फांदी मोडता मोडता मागं वळून पलंगाकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, रातचं ते आडवं व्हत न्हाईत. भिताडाला टेकून बसूनच असत्यात. आडवं झालं की दम कोंडतो. तुमाला सांगू नको म्हनले."

प्रज्ञानं चप्पल काढली आणि परत आत गेली. पलंगाच्या कडेला बसली. आता तिनं कसं आहे विचारलं नाही. छातीला तपासायची नळी लावली, पायाच्या घोट्याजवळ अंगठ्यानं दाबलं. अंगठा काढला तरी खड्डा तसाच. मग तिनं नगरला डॉक्टरांना फोन लावला आणि करणला सांगितलं, गाडी दारात लावा. बिभीषण म्हणत होते, बरं हाय बरं हाय, कशाला एवढं. आम्ही त्यांना उचलून मागच्या सीटवर बसवलं. मी एका बाजूनं धरून बसलो होतो. जेऊर येईपर्यंत त्यांचे ओठ निळे पडले. करणनं गाडी मात्र झकास हाणली.

हृदय थकलं होतं, फुप्फुसात पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर ते सकाळ बघत नव्हते. बिभीषण नंतर बरे होऊन घरी गेले, जाताना आमच्या दारात आपल्या पायानं गाडीतनं उतरले.

करण पुढच्या वेळी आला तेव्हा लॅपटॉप उघडला नाही. म्हणाला, मॅडम, मला पटलं. पण दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोरीला मी हे शिकवू कसं? प्रज्ञा म्हणाली, तुम्ही शिकवूच नका. प्रत्येक नवी पोरगी आधी माझ्या जुन्या पोरीच्या मागं हिंडेल, आणि काम झाल्यानंतरच्या वेळेला तुमचं घड्याळ लागणार नाही. हे करारात घाला, नाहीतर थालीपीठ खा आणि पुण्याला जा. त्यांच्या वकिलाला म्हणे ते कसं लिहावं कळेना. शेवटी काहीतरी लांबलचक वाक्य घातलं आणि सही झाली.

गावागावांत बातमी गेली, सिस्टरनं कंपनी इकली. एकजण मला भर बाजारात विचारतो, म्हणजे पोरी पण दिल्या का त्यात? मी त्याला असं काही बोललो, की तो अजून मला टाळतो. पण मनातनं मीही धास्तावलो होतो. कागदाचं मला काय सांगता? विनातिकीट प्रवास करू नये, ही पाटी मी नोकरीभर डोक्यावर घेऊन हिंडलो. पाटी होती म्हणून कुणी तिकीट काढलेलं मला आठवत नाही. प्रज्ञालाही तीच भीती होती. सही झाली त्या संध्याकाळी ती बनुबाईजवळ रडली. म्हणाली, काकू, मी अण्णांचं बोलणं विकलं तर नाही ना?

काही महिने तिनं कंपनीत पोरी तयार केल्या. मग नेवाशाला गेली. आईच्या घराशेजारी दोन खोल्या बांधल्या, आणि तिथं गावच्या मुलींना नर्सिंगच्या परीक्षेसाठी शिकवते. गाळ्यात कंपनीचा रंगीत बोर्ड लागला. एकदा वृषालीनं मला त्यांचं नवं ॲप दाखवलं. पट्टी झाली, औषध दिलं, अशी बटणं, आणि सगळ्यात खाली एक बटण, "दोनदा उठले: होय/नाही." मी कपाळावर हात मारला. म्हणलं, झालं, बटण झालं. आता दारात उभं राहून होय दाबायचं आणि सुटायचं. प्रज्ञाला फोन करून सांगितलं तर ती आधी हसली, मग तिनं बटणावरचे शब्द मला पुन्हा सांगायला लावले.

नंतर आमची बनुबाई गेली. झोपेतच गेली, कुणाला तोशीस दिली नाही. सगळं आयुष्य मला ओरडली आणि जाताना आवाज केला नाही, हे मला अजून सहन होत नाही. प्रज्ञा दहाव्यापर्यंत रोज नेवाशाहून येत होती. मुलगा चाकणला असतो, तो म्हणाला तिकडं चला. मी म्हणलं, मी इथंच बरा आहे.

मला साखर जुनी. नवी चप्पल लागली, पायाला जखम झाली ती भरेना. मुलानं चाकणवरनंच फोन करून "घरची सिस्टर" लावून दिली. माझ्याच गाळ्यातनं माझ्याच घरी सिस्टर येणार, जिना चढून. आली ती मोनिका नावाची पोरगी, जामखेडकडची, नवी, प्रज्ञाला कधी न भेटलेली. कंपनीचा गणवेश, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल.

मी ठरवलं, की आज बघायचंच. काय उरलंय आणि काय गेलंय, सोक्षमोक्ष लावायचा. तिनं विचारलं, काका, कसं आहे? मी म्हणलं, बरं हाय. तिनं पट्टी सोडली, धुतली, बांधली. हात चांगला होता, मान्य करतो. चहाला ती हो म्हणाली, आणि घरात बाई नाही बघून स्वतःच केला. कपाटात बनुबाईचा डबा शोधला, साखर माझ्या कपात घातली नाही. थोडं इकडचं तिकडचं बोलली. मग उठली, बॅग भरली, सँडल घातली. उंबऱ्यात उभी राहिली आणि मोबाईल काढला. मी चष्मा लावलेला होता. मला स्पष्ट दिसलं, तिनं ते खालचं बटण दाबलं. होय.

खरं सांगतो, मला माझ्या पायाचं काही वाटलं नाही, कारभारींचं वाटलं. मी तोंड फिरवलं. म्हणलं, जा बाई, घाई असेल.

तिनं मोबाईल बॅगेत टाकला, सँडल काढली आणि परत येऊन माझ्यासमोर बसली.

मी म्हणलं, "बटण दाबलंस की आत्ता."

"ते कंपनीला, काका. ते दाबलं की त्यांचं घड्याळ बंद होतं," ती म्हणाली. "वृषालीताईंनी सांगितलंय, आधी बटण दाबायचं, मग निवांत बसायचं. आता सांगा, गोळ्या कोण देतं तुम्हाला?"

झालं. मी तिला पकडायला बसलो होतो, तिनंच मला पकडलं. मी पेपर उघडला, ती बसूनच राहिली. उठेना. मग मी बोललो. गोळ्या मीच घेतो, पण रात्रीचं जेवत नाही. एकट्यासाठी गॅस पेटवावा वाटत नाही. ताट एकच मांडायचं जिवावर येतं. साखरेची गोळी तेवढी घेतो, कारण ती घेतली नाही तर बनुबाई ओरडायची. पहाटे घाम फुटतो, हात थरथरतात, एकदा न्हाणीत पडलोही. मुलाला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

मोनिका मला रागं भरली नाही. तिनं तिथंच डॉक्टरांना फोन लावला आणि रात्रीच्या गोळीचं त्यांना विचारून, उपाशीपोटी ती घेतली की साखर पार खाली जाते, हे मला नीट समजावलं. जेवण नाही तर ती गोळी नाही, असं दोनदा माझ्याकडनं म्हणवून घेतलं. मुलाला फोन करते म्हणाली, मी नको म्हणलं, तिनं केला. गाळ्यातल्या पोरींना सांगून माझ्या रात्रीच्या भाकरीची सोय लावली. मग दुसऱ्यांदा उठली आणि गेली. तिची स्कूटी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी खिडकीत उभा होतो.

मग प्रज्ञाला फोन लावला. ती वर्गात होती, तरी उचलला. मी म्हणलं, "पोरी, बसली गं. तू कधी बघितलेली सुद्धा नाहीस, जामखेडची आहे. बटण दाबलं आणि मग येऊन बसली."

पलीकडनं तिनं नाक ओढलं ते ऐकू आलं. ती म्हणाली, आज आईला सांगते. आणि मग रोजच्यासारखं विचारलं, "तुम्ही कसे आहात काका?"

बरं हाय, हे ओठांवर आलंच होतं. म्हणलं, आता या पोरीला कशाला दोनदा उठवायचं.

"बरं न्हाई," मी म्हणालो. "काकूशिवाय जेवण जात न्हाई मला."